आईची फुलं: धुण्याच्या आणि राखण्याच्या नोंदी

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

दसरा आटोपला, घट हलले, आता दिवाळीच्या साफसफाईला हात घालायचा. या वर्षी पहिला मान घरातल्या कृत्रिम फुलझाडांचा. पावसाळ्यात आईचा दमा वाढला आणि डॉक्टरांनी बजावलं, की धूळ धरून ठेवणाऱ्या वस्तू कमी करा, झोपायच्या खोलीत तर नकोतच. भाऊ म्हणाला, "सगळीच टाकून देऊ, नाहीतरी प्लास्टिकच ते." आई काही बोलली नाही. त्यातली बरीचशी फुलं तिने स्वतःच्या हातांनी केलेली आहेत. म्हणून ठेवायचं की टाकायचं, हे आधी ठरवायचं नाही असं मी ठरवलं. प्रत्येक वस्तू कशाची आहे, तिला पाणी चालतं का, धुतल्यावर ती खरोखर स्वच्छ होते का, हे बघायचं आणि मगच निवाडा.

आमचं डोंबिवलीचं घर पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला. शेजारची इमारत इतकी जवळ, की बैठकीच्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावावी लागते. इथे खरं झाड तग धरत नाही, मनी प्लँटसुद्धा पिवळा पडून गेला. हिरवं काहीतरी डोळ्यांसमोर असावं म्हणून ही झाडं घरात आली आणि वर्षानुवर्षं साठत गेली.

सगळं काढून जुन्या चादरीवर मांडलं. स्वयंपाकघराच्या दारावरची हिरवी वेल, टीपॉयवरचं नेचं, शोकेसमधले गुलाब, देवघराचं झेंडूचं तोरण, गॅलरीतली गवताची चटई, आणि आईची स्टॉकिंगची आणि क्रेप कागदाची फुलं. दुकानात ज्यांना 'सिल्कची फुलं' म्हणतात ती बहुतेक पॉलिएस्टरच्या कापडाची असतात. पाकळीची कड नखाने खाजवली की धागा सुटतो, तेवढ्यावरून ओळखू येतं. प्लास्टिकमध्ये मात्र ओळख पटवणं जास्त महत्त्वाचं, कारण दिसायला सगळी पानं सारखीच हिरवी. त्यासाठी वाटीभर पाणी पुरतं. गळून पडलेलं एखादं पान घ्यायचं, पाण्याखाली धरून बोटाने चोळायचं म्हणजे त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे निघून जातात, आणि मग सोडून द्यायचं. पॉलिथीन पाण्याहून हलकं, ते वर येतं. पीव्हीसी जड, ते तळाला बसतं. वेलीचं पान वर आलं. नेच्याचं पान सरळ खाली गेलं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून चिठ्ठी लिहून नेच्याला बांधली.

काही जण पान जाळून ओळखतात. ते घरात करू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो, आणि इथे तर दम्याचा माणूस आहे.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज फक्त कोरडं काम. पाणी लावण्याआधी सुटी धूळ निघायलाच हवी, नाहीतर तिचा चिखल होतो आणि तो पाकळ्यांच्या बेचक्यांत जाऊन बसतो. आईला वहिनीबरोबर मावशीकडे पाठवलं, नाकावर मास्क बांधला आणि सगळं गॅलरीत नेलं. खाली ओला पंचा अंथरला, म्हणजे पडलेली धूळ परत उडत नाही.

सगळ्यांत चांगलं हत्यार म्हणजे रंगकामाचा मऊ ब्रश, दीड इंची, न वापरलेला. देठाकडून टोकाकडे, वरून खाली. कापडी फुलांसाठी हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून लांबून मारला. गरम हवा अजिबात नको, पाकळ्या ज्या गोंदाने चिकटवलेल्या असतात तो उष्णतेने सुटतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल त्यांनी नळीच्या तोंडावर जुना पायमोजा ताणून बांधावा. पराग आणि सुटी पानं आत ओढली जात नाहीत.

कोरड्या फडक्याने प्लास्टिकची पानं खसाखसा पुसायची सवय मात्र घराघरात आहे आणि ती मोडायला हवी. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि पान हवेतली धूळ स्वतःकडे ओढून घेतं. पुसल्यावर तासाभरात पान पुन्हा मळकट का दिसतं, त्याचं हे एक कारण. फडकं ओलसरच हवं.

नेच्याच्या गाभ्यात झुरळाची अंडी सापडली, गुलाबांच्या मागे कोळिष्टकं, आणि तोरणावर पालीची लेंडकी. पालीला आणि झुरळाला अशी झाडं म्हणजे आयती आडोशाची जागा, कारण तिथे कोणी पाणी घालत नाही की हात लावत नाही. हे बघितल्यावर एक नियम ठरला: भिंतीला टेकवून एकही झाड ठेवायचं नाही. मागून हात फिरला पाहिजे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

वेल धुतली. या सगळ्या कामातलं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत समाधानाचं काम हेच.

स्वयंपाकघराच्या दारावर असल्यामुळे फोडणीची वाफ थेट तिच्यावर. तेलाचा बारीक अंश पानावर बसतो, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तेल. नुसतं तेल असतं तर पटकन निघालं असतं. पण खाद्यतेलाचा पातळ थर हवा लागून हळूहळू घट्ट होत जातो आणि त्याचा चिवट, पिवळसर पापुद्रा तयार होतो. एक पान हातात घेऊन बघितलं. वरून करडं, बोट फिरवलं तर मेणचट, आणि शिरांच्या खाचांत काळ्या रेघा. खालची बाजू मात्र जवळजवळ नवी, दुकानातल्यासारखी हिरवी. धूळ वरून पडते, तेल वरून बसतं, त्यामुळे मेहनत वरच्या बाजूलाच करायची.

आधी रंगाची परीक्षा. पानाच्या खालच्या बाजूला साबणाच्या पाण्यात भिजवलेला पांढरा कापूस दाबून धरला. कापूस पांढराच राहिला, म्हणजे पाणी चालेल.

टबात कोमट पाणी, अर्ध्या बादलीला एक लहान चमचा भांड्यांचा लिक्विड साबण. पाणी किती कोमट, तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीला चालेल इतकं. त्याहून गरम नको. पॉलिथीनला काही होणार नाही, ते शंभर अंशांच्या पुढे वितळतं, पण जोडणीचा गरम गोंद साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि पानं देठातून गळतात. वेल पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवली, देठाचं कापलेलं टोक पाण्याबाहेर राहील अशा बेताने. देठात लोखंडी तार असते. टोकाने पाणी आत शिरलं की तार आतल्या आत गंजते आणि पुढे कधीतरी हिरव्या प्लास्टिकवर तांबडा डाग फुटतो.

भिजल्यावर मऊ टूथब्रशने पान न् पान. बऱ्याच वेलींत पानांचे झुबके देठावरच्या खुंटीवर नुसते खोचलेले असतात, ओढले की निघतात. ते लक्षात आल्यावर काम निम्म्याने हलकं झालं. झुबके काढले, वेगळे धुतले, चाळणीत निथळत ठेवले. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतला, म्हणजे मोठी पानं कुठे आणि लहान कुठे याचा घोळ होत नाही.

वहिनीने खाण्याचा सोडा सुचवला होता. दोन पानांवर पेस्ट करून लावून बघितला. मळ निघतो, पण सोड्याचा कण पानाची झिलई खरवडतो, आणि खरवडलेल्या पानावर पुढची धूळ जास्त घट्ट बसते. पाण्यात विरघळवून भिजवायला वापरला तर ठीक, चोळायला नको. रिठ्याचं पाणीही करून बघितलं. साध्या धुळीला उत्तम, या पापुद्र्याला अपुरं. ब्लीचच्या वाटेला गेलेच नाही. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र तर कोणीच, कधीच करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

दोन स्वच्छ पाण्यांतून काढून वेल कपड्यांच्या दोरीवर उलटी टांगली. टबातलं पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून मोरीत सोडलं आणि फडक्यावर उरलेला गाळ कचऱ्यात टाकला. त्यात प्लास्टिकचे बारीक तुकडे असतात. आमच्या कामाच्या मावशी ते पाणी गच्चीतल्या तुळशीला घालायला निघाल्या होत्या, त्यांना हेच समजावलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

शोकेसमधले कापडी गुलाब. कापसाची परीक्षा इथेही केली. गुलाबी आणि पांढरा पास, लाल नापास: कापसावर लाली उतरली. म्हणून लाल गुलाबांना बुडवणं बंद. बाकीचे एकेक करून गार साबणपाण्यात बुडवायचे, दोन-चार वेळा हलके हिसळायचे, पिळायचे नाहीत, आणि पंच्यावर ठेवून पाणी टिपून घ्यायचं. लाल फुलं ओलसर फडक्याने पाकळी-पाकळी पुसली, रंग जास्त सुटू नये म्हणून गार पाण्यानेच.

खडे मीठ पिशवीत घालून त्यात फूल ठेवायचं, पिशवीचं तोंड देठाभोवती धरून हलवायचं, ही युक्ती बऱ्याच जणींनी सांगितली. दोन फुलांवर करून बघितली. कोरडी धूळ खरोखर मिठाच्या खड्यांना लागून निघते, मीठ करडं झालेलं दिसतं. पण आपल्याकडच्या हवेत मला ती पटत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे कोणाला सांगायला नको. पाकळ्यांच्या बुडाशी चार खडे अडकून राहिले की तेच ओल धरणार आणि तार गंजवणार. कोरड्या मुलखात चालत असेल. कोकण पट्टीत ब्रशच बरा.

चुरगळलेल्या पाकळ्यांना वाफ दिली. किटलीच्या तोंडापासून वीतभर लांब, काही क्षण. पॉलिएस्टर तापलं की मऊ पडतं, त्या वेळी बोटांनी पाकळीला गोलाई द्यायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. गार झाल्यावर आकार टिकतो. बोटाला वाफ लागणार नाही एवढं जपायचं. मधला गोंदाचा भाग वाफेसमोर आणायचा नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज आईची फुलं.

ज्यांनी ती केली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. १९८० आणि १९९०च्या दशकांत आपल्याकडे बायकांच्या हॉबी क्लासमध्ये स्टॉकिंगची फुलं शिकवत. रंगीत नायलॉनचं ताणणारं जाळीदार कापड, रंगीत बारीक तार, परागांची पुडकी आणि हिरवी टेप, एवढंच साहित्य. तार बाटलीभोवती किंवा डबीभोवती गुंडाळून गोल करायची, तिला पाकळीचा आकार द्यायचा, वर स्टॉकिंग ताणून खाली दोऱ्याने गच्च बांधायचं. मग परागांच्या झुपक्याभोवती एकेक पाकळी रचत जायची. सगळी करामत त्या ताणण्यात आहे. सैल राहिलं तर सुरकुती, जास्त ओढलं तर धागा तुटून शिडी पडते. आईच्या पाकळ्यांवर सुरकुती शोधून सापडत नाही. जांभळी ऑर्किड तिने आधी करून बघितली होती, नंतर पिवळी डॅफोडिल, जी तिने प्रत्यक्षात कधी पाहिलेली नव्हती. फक्त कॅलेंडरवर पाहिली होती.

ही फुलं बुडवायची नाहीत. हिरवी टेप म्हणजे मेण लावलेला क्रेप कागद. भिजली की सुटते, आणि ती सुटली की देठच उकलतो. शिवाय तार उघडी आहे, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण नाही.

म्हणून पद्धत अशी. फूल टॉवेलवर आडवं. मऊ ब्रश पाकळीच्या मागच्या बाजूने, कारण जाळीत बसलेली धूळ मागून ढकलली की पुढे निघते. मग कान साफ करायची कापसाची काडी साबणपाण्यात बुडवून, पंच्यावर टिपून, जवळजवळ कोरडी करून पाकळीवर टेकवायची. घासायचं नाही, टेकवायची आणि उचलायची. काडी करडी झाली की नवी. दुसरी काडी साध्या पाण्याची. लगेच पंख्याखाली. एका फुलाला बराच वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. दुपारभर आई समोर बसून होती, मास्क लावून. कुठे हात हलका ठेवायचा ते तीच सांगत होती. "तिथे गाठ आहे गं, तिथे दाब देऊ नकोस."

काही पाकळ्यांच्या तारेला गंज चढला होता. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन बोटांत धरून तो खरवडला आणि वर बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात दिला, म्हणजे हवा लागणार नाही. एका ऑर्किडची पाकळी फाटली होती. नायलॉन उजेडाने कमकुवत होतं, आणि ते फूल पूर्वीच्या घरी खिडकीत असायचं. जुनं स्टॉकिंग कापून काढलं. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला फुलांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून वहिनीने जांभळं कापड आणलं होतं. रंग तंतोतंत नाही, किंचित गडद. आईने तार हातात घेतली, कापड ताणलं आणि दोऱ्याचे तीन वेढे देऊन गाठ मारली. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, पण पाकळीवर सुरकुती नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

नेच्याचा प्रश्न. शनिवारी धुतलं, वाळवलं, आणि काल हात लावला तर पुन्हा चिकट. साबण राहिला असेल म्हणून परत धुतलं. आज पुन्हा तेच. स्वयंपाकघरापासून ते लांब होतं, तेव्हा हा तेलाचा थर नव्हे.

वाटीतल्या पाण्यात बुडालेलं पान इथे उपयोगी पडलं. नेचं पीव्हीसीचं आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करण्यासाठी त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात. वर्षं उलटली, उष्णता लागली की ती द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात. म्हणजे चिकटपणा बाहेरून बसलेला नाही, पानाच्या आतून येतोय. कितीही धुतलं तरी दोन दिवसांनी तो परत येणार, आणि त्यावर धूळ अशी बसणार की ब्रशनेही निघणार नाही. टीपॉयवर कुंडीच्या बाहेर टेकलेल्या पानांचे डाग पडलेत तेही यामुळेच, त्या द्रव्यांनी लाकडाचं पॉलिश मऊ केलं आहे.

अशा झाडाची सफाई होत नाही. दम्याच्या माणसाच्या घरात ते नको, आणि लहान मुलांच्या हाताशीही नको, कारण जुन्या पीव्हीसीत टिकाऊपणासाठी शिशाचे क्षार घालत असत. नेचं पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात दिलं. शेकोटीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर असलं काही जाळू नये, हे कॉलनीच्या वॉचमनदादांनाही सांगून आले. कुंडी चांगली आहे, ती ठेवली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

देवघराचं झेंडूचं तोरण धुतलं, मळ छान निघाला, आणि तरीही ते देवघराला परत लावलं नाही. समई आणि निरांजनाच्या वर पॉलिएस्टर आणि प्लास्टिक टांगणं मला मान्यच नाही. ही फुलं पेटली की नुसती जळत नाहीत, वितळून थेंब खाली पडतात, आणि ते थेंब पेटतेच असतात. दिवाळीत तर दिव्यांची गर्दी. कृत्रिम फुलांची आरास करायचीच असेल तर ज्योतीच्या वर नको, बाजूलाही हातभर अंतर हवं, आणि पडद्याजवळ नको.

आईने निर्णय दिला: "दाराला आणि देवाला खरा झेंडूच." मला तो मनापासून पटला. प्लास्टिकची सजावटी फुलं बंद व्हावीत म्हणून फूलउत्पादक शेतकरी उच्च न्यायालयात गेले आहेत. १ जुलै २०२२ला एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली तेव्हा यादीत सजावटीचं थर्माकोल होतं, प्लास्टिकची फुलं नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की जे घरात आलंय ते आणखी वीस वर्षं राखू, आणि नवीन आणायचं नाही. सणाच्या चार दिवसांसाठी तर नाहीच. तोरण बैठकीच्या खोलीच्या आतल्या दाराला गेलं.

शनिवार, १ नोव्हेंबर

दिवाळीची गडबड संपली, आता सगळं जागच्या जागी. खरं तर नव्या जागी.

आईच्या खोलीत एकही झाड नाही. तिची फुलं शोकेसच्या काचेआड गेली, तिथे धूळ जवळजवळ बसत नाही आणि ती पलंगावरून दिसतात. काचेआड ठेवताना फुलं पूर्ण सुकलेली हवीत. परागांच्या बुडाशी ओल राहिली तर बंद जागेत बुरशी धरते. म्हणून ती आधी ऑक्टोबरच्या उन्हाळी हवेत सावलीत ठेवली होती. शोकेसच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, बुटांच्या खोक्यातल्या जपून ठेवलेल्या.

वेल दारावरून हलवून बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर आणली, पंख्याच्या झोतापासून दूर. तिची खिडकीकडची पानं निळसर झाली आहेत. आजवर वाटायचं तो मळ असेल. तो मळ नाही. प्लास्टिकचा हिरवा रंग बऱ्याचदा निळ्या आणि पिवळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून येतो, आणि उजेडाने पिवळं आधी उडतं. मागे राहतो तो निळा. यावर धुणं हा इलाज नाही. फिकी पानं आणि आतली हिरवी पानं यांची अदलाबदल करून ती आता सगळीकडे पसरवली आहेत, नजरेला खटकत नाहीत. खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो, म्हणून थेट उन्हाची जागा टाळायची.

कुंड्यांच्या तळाशी थर्माकोलचा ठोकळा आणि वर रंगीत शेवाळाचा थर होता. शेवाळ धूळ धरतं आणि धुता येत नाही. ते काढून टाकलं आणि नदीतले गोटे धुऊन घातले. गोटे काढून पुन्हा धुता येतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

गॅलरीतली गवताची चटई. इथे खरी अडचण कबुतरांची. त्यांची सुकलेली विष्ठा कोरडी झाडायची नाही, तिची धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर ती कायमची दुखावू शकतात. मास्क आणि हातमोजे घालून आधी पाण्याने पूर्ण भिजवली, थोड्या वेळाने उचलली, मग साबणपाणी आणि ताठ ब्रश, पात्यांच्या उलट दिशेने. उचलून बघितलं तर खाली ओल तुंबलेली, आणि चटईच्या पाठीवरची पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली. ती काडीने मोकळी केली. चटई कठड्यावर टाकून दोन दिवस वाळवली आणि मग आईशी बोलून ती परत अंथरलीच नाही. फरशी धुणं सोपं आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

एक प्रयोग चालू होता त्याची नोंद. वेल धुताना निम्म्या झुबक्यांना शेवटच्या पाण्यात कपड्यांचं कंडिशनर घातलं होतं, अगदी थोडं. उरलेल्यांना साधं पाणी. कंडिशनरमधली द्रव्यं पृष्ठभागावर पातळ थर ठेवतात, तो हवेतली ओल धरतो आणि स्थिर वीज साठू देत नाही. आता थंडी पडू लागली, हवा कोरडी झाली, म्हणजे परीक्षेची वेळ. पांढऱ्या कागदावर दोन्हीकडची पानं झटकली. कंडिशनरच्या पानांवर धूळ कमी आणि झटक्यासरशी सुटणारी. पण त्याचा वास आईच्या छातीला सोसेल की नाही याची खात्री नसताना तो घरभर कशाला? त्यापेक्षा ओलसर फडकं. स्वयंपाकघराजवळच्या झाडाला तर कंडिशनरचा उपयोगच नाही, तिथे तेल बसतं.

बाजारात पानं चमकवायचे फवारे मिळतात. आमच्याकडे नकोत. काहींचा थर तेलकट असतो, आणि फवारलेलं श्वासात जातंच.

रविवार, १४ डिसेंबर

आता घडी बसली आहे. बैठकीच्या खोलीतल्या झाडांवर दर पंधरवड्याला ब्रश आणि ओलसर फडकं. ते काम मावशींनी आपणहून घेतलं आहे, आणि पान खालून हाताचा आधार देऊन पुसायचं हे त्यांनी मलाच दाखवलं. आधार दिला की देठाशी ताण येत नाही. पूर्ण धुणं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर. पावसाळ्यात धुवायचं नाही, वाळत नाही. काचेआडची फुलं फक्त बघायची, वर्षातून एकदा उघडायची.

आईच्या पंपाची मात्रा कमी झाली आहे. त्यात या कामाचा वाटा किती आणि हवा बदलल्याचा किती, हे डॉक्टरच सांगू शकतील. गाद्यांच्या खोळी आणि पडदेही आम्ही त्याच वेळी बदलले होते.

राहिली ती क्रेप कागदाची फुलं. त्यांना पाणी नाही, ओलसर काडीही नाही, कागदाचा रंग लगेच फुटतो. गार हवा आणि सुका ब्रश एवढंच शक्य होतं, ते केलं. कडा ठिसूळ झाल्यात, पण मधली शेवंती अजून घट्ट आहे. तिला खोल चौकटीत, काचेला न टेकता बसवायचं ठरलंय. फ्रेमवाल्या काकांना माप दिलं आहे. मागे पुठ्ठ्याऐवजी आम्लरहित कागद लावा, हे आठवणीने सांगायचं राहिलंय, मंगळवारी जाईन तेव्हा सांगेन. आणि येताना जांभळं स्टॉकिंग आणायचं आहे. भाचीला नाताळच्या सुट्टीत आजीकडून ऑर्किड शिकायची आहे.